बोरकरचे तीन दगड

मागच्या महिन्यात बोरकरच्या तेरवीला आंधळगावला गेलो होतो. तिथे त्याच्या मुलीने माझी ओळख "बाबांचे नदीवरचे मित्र" अशी करून दिली आणि दोन शब्द बोला म्हणाली. मी उठलो, घसा खाकरला, "पानं वाढायची वेळ झाली आहे" एवढंच म्हटलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने मला बोलवेना. खरं असं आहे की मी बोरकरचा मित्र एक दिवसही नव्हतो. आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो, आणि आमच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे. ती मी तेरवीपुरती पाळली. इथे पाळायची माझी तयारी नाही. त्याला अहो-जाहो करायलाही माझी लेखणी तयार नाही, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमचं गाव पवनीच्या बाजाराला जाणारं, धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या वळणावर वसलेलं. निम्मं गाव आम्हा ढीवरांचं, मासे धरून पोट भरणाऱ्यांचं. मी इथल्या मच्छीमार संस्थेचा सेक्रेटरी, म्हणजे अर्ज लिहिणारा आणि शिव्या खाणारा माणूस. धरणाच्या दारांपासून नदी खडकांवरून आदळत येते आणि वळणावर एका डोहात शिरते. उन्हाळ्यात बाकीची नदी वाळूची होते, तेव्हा मासा फक्त ह्या डोहात उरतो. डोहाच्या अलीकडच्या काठावर, साधारण मध्यावर, एक चुना मारलेला खांब आहे. खांबापासून वर धरणापर्यंत मासे धरायला बंदी. अडचण अशी की अर्धा डोह खांबाच्या वर येतो. आजवर कोणी तो खांब मनावर घेतला नव्हता. डोह आहे तोवर उन्हाळ्यातही आमची चूल पेटते, एवढं साधं गणित होतं.

बोरकर आला आणि त्याने तो खांब मनावर घेतला.

तो मूळचा आंधळगावचा, कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्या घरातला. पण माग सोडून तो धरणांच्या दारांचा फिटर झाला आणि सगळी नोकरी त्याने हिमाचलात एका धरणावर काढली. तिथल्या थंड पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो म्हणे. त्या मासळीला गांडूळ लावून धरायचं नाही, गळावर पिसांची खोटी माशी बांधून ती पाण्यावर अलगद टाकायची, हे तो तिथल्या एका चौकीदाराकडून शिकला. निवृत्त झाल्यावर बायको नव्हती, मुलगी सासरी होती. घरी आंधळगावला राहायचं सोडून ह्या माणसाने आमच्या गावात एक खोली घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, "धरणाच्या खालचं पाणी लागते मले. बाकी पाणी पाणी नोहे."

पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या सगळ्यांच्या देखत डोहातून एक मरळ काढली. हातभर लांब, काळीभोर, शेपटी आपटणारी. खरं सांगायचं तर त्या पातळ काठीवर अन् धाग्यावर अशी मरळ येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. काठावर वीसेक माणसं जमली. त्याने हात ओला केला, मासळीच्या जबड्यातली माशी सोडवली, आणि मरळ परत पाण्यात सोडून दिली. माझी पार्बताकाकू टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सोडली काहून गा?"

"खायाची नव्हती."

"मंग धरली कायले?"

"ते तुमाले समजत असतं तं तुमी जाळं घेऊन आले असते का?"

काकूने टोपली उचलली आणि सरळ घरी आली. तिचं म्हणणं होतं की पोट भरलेल्या माणसाने नदीवर येऊन उपाशी माणसाला वाकुल्या दाखवल्या. मलाही तसंच वाटलं. आजही वाटतं.

त्याला आमची मासळीच आवडत नव्हती. रोहू म्हणजे म्हैस, कतला म्हणजे त्याहून मोठी म्हैस. मरळीला तो जरा मान द्यायचा, पण तिलाही "ट्राउटच्या पायाची सर नाही" म्हणायचा. माशाला पाय नसतात असं देवाजीने, माझ्या धाकट्या भावाने, त्याला एकदा सांगून पाहिलं. गावाने त्याचं नाव टराऊटसाहेब ठेवलं. तो त्या हाकेलाही ओ देत नसे आणि बोरकर म्हटल्यावरही देत नसे.

माशा बांधायला त्याला पिसं लागत. एका दुपारी तो पार्बताकाकूकडे आला आणि तिचा तांबडा कोंबडा मागितला. काकूला वाटलं पाहुणे आले असतील. तासाभराने त्याने कोंबडा परत आणून दिला, जिवंत. फक्त मान पार उघडी होती. मानेवरची सगळी लांब पिसं त्याने कात्रीने बिनबोभाट काढून घेतली होती. कोंबड्या त्या कोंबड्याला ओळखेनात. चोची मारून त्यांनी त्याला खुराड्याबाहेर काढला. काकू त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माह्या कोंबड्याची भादरली तुमी."

"जिता हाये ना? मंग?"

"नवरदेवावाणी फिरत होता तो. आता पाह्य त्याच्याकडं."

"वाढते ते परत. केस हायेत, मुंडी नाही कापली."

आणि दार लावून घेतलं. आठ दिवसांनी कळलं की त्या पिसांची त्याने एक तांबडी माशी बांधली आणि तिचं नाव ठेवलं पार्बता. ही त्याची खोड होती. ज्याच्याशी भांडण व्हायचं त्याच्या नावाची माशी तो बांधायचा. धागा घरचा, कोशाचा, आंधळगावहून आणलेला. एका चपट्या पत्र्याच्या डबीत त्या सगळ्या ओळीने टोचलेल्या असत. देवाजी नावाची एक होती, जाड आणि हिरवी. माझ्याही नावाची होती. ती त्याने मला स्वतः दाखवली. काळी, चकचकीत, सगळ्यांत सुबक बांधलेली.

"हा सेक्रेटरी," तो म्हणाला. "दिसाले भारी. पण याले मासा लागत नाही."

त्या दिवशी मी त्याला हाणला नाही, याचं मला पुढे बरेच दिवस वाईट वाटत होतं.

आता दगडांचं सांगतो. डोहाच्या कडेला एक सपाट काळा खडक आहे, तो बोरकरने आपला म्हणून धरला होता. सकाळी खडकावर चढायच्या आधी तो वाकून पाण्याच्या काठाशी तीन दगड मांडायचा. एक पाण्याला टेकलेला, दुसरा त्याच्या चार बोटं वर, तिसरा वीतभर वर. मग काठी फिरवायला सुरुवात. दर दोन-चार फेकींनंतर तो मान वळवून त्या दगडांकडे बघायचा, माशाकडे बघितलं नसेल इतक्या वेळा. आमच्या बायकांनी ताबडतोब ठरवलं की हा पाणी बांधतो. मंत्राने मासळी आपल्या खडकापाशी गोळा करतो आणि आमच्या जाळ्यात येऊ देत नाही. त्या वर्षी मासा खरोखरच कमी होता, त्यामुळे कोणाला समजावण्यात अर्थ नव्हता. मी शिकलेला माणूस, मी मंत्र मानत नाही. पण तीन दगड म्हणजे त्याचा कसलातरी पहाडातला देव असावा असं मीही धरून चाललो होतो. येता-जाता कोणी ना कोणी ते पायाने उडवायचं. तो एक शब्द न बोलता परत मांडायचा.

बोलायचा तो एकच शब्द, "निघा." म्हशी पाण्यात उतरल्या की निघा. बाया धुणं घेऊन आल्या की निघा. आम्ही होडी ढकलली की निघा. नमस्कार नाही, जेवलात का नाही. एकदा गावचे सरपंच सहज बघायला म्हणून खडकापाशी गेले तर त्यांनाही निघा. त्याची सावलीची काहीतरी भानगड होती. माणसाची सावली पाण्यावर पडली की मासा बुजतो म्हणे. नदीकाठी जन्मलेल्या माणसांना हा आंधळगावचा विणकर सावली शिकवणार.

ह्या सगळ्यावर आम्ही पाणी सोडलं असतं. पण त्याने वर तक्रार केली. खांबाच्या वर जाळी टाकतात, आणि जाळी मच्छरदाणीसारखी बारीक आहे, पिल्लंसुद्धा सुटत नाहीत, असं त्याने लिहून दिलं. एक दिवस मत्स्य खात्याची जीप आली आणि आमची चार जाळी घेऊन गेली. मी त्याच्या खोलीवर गेलो.

"तुमाले माहीत हाये का हे कोनाच्या पोटावर येऊन राह्यलं?"

"पिल्लं खाता तुमी. दोन सालानं डोहात काय धरसान, गोटे?"

"आमी इथं जल्मलो."

"मासाबी इथंच जल्मला."

तो म्हणत होता ते बरोबर होतं. जाळी बारीकच होती, आणि ती वापरू नये हे संस्थेच्या बैठकीत मीच दोनदा सांगितलं होतं. पण आपल्याच तोंडचं वाक्य शत्रूच्या तोंडून ऐकल्यावर जो राग येतो तसा दुसऱ्या कशाने येत नाही. त्या संध्याकाळी बैठक झाली. बोरकरशी कोणी बोलायचं नाही, त्याला दुकानातून काही द्यायचं नाही, त्याची दाढी करायची नाही. असा ठराव लिहिता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून तो तोंडीच झाला. लिहिला तो मी अर्ज. "सदर इसमापासून गावातील शांततेस धोका असून त्यास नदीवर येण्यास मनाई करण्यात यावी." चांगला अर्ज होता. माझ्या हातून इतका चांगला अर्ज पुन्हा झाला नाही.

त्याला काही फरक पडला नाही. किराणा पवनीहून आणायला लागला, दाढी स्वतः करायला लागला, गालावर कापून घ्यायला लागला. सकाळी खडकावर हजर. निघा.

होळीच्या आधीची गोष्ट. आम्ही ठरवलं की घाबरून डोह सोडला तर तो कायमचा गेला, तेव्हा दिवसाढवळ्या जाळं टाकायचं, खांबाच्या वर, त्याच्या नाकासमोर. सात जण उतरलो. मी अलीकडच्या टोकाला कमरेइतक्या पाण्यात, देवाजी पलीकडे छातीइतक्या पाण्यात. जाळ्याचा मुख्य दोर काठावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळाला बांधला होता, बोरकरच्या खडकापासून दहा पावलांवर. त्याने बघितलं, पण बोलला नाही. मला तेच खटकलं.

त्या दिवशी खालच्या गावांसाठी धरणातून पाणी सुटायचं होतं. तशी सूचना सकाळीच ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आली होती. आमचे मोबाईल काठावर एका लुंगीत गुंडाळून ठेवलेले होते. धरणाचा भोंगाही झाला असणार. पण वळणाच्या आड, खडकांवरून आदळणाऱ्या पाण्याच्या आवाजात, भोंगा कधीच ऐकू येत नाही. हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. म्हणूनच तिथे खांब आहे, हे मात्र आम्हाला सोयीने माहीत नव्हतं.

"निघा," बोरकर म्हणाला.

कोणी मान वर केली नाही.

"निघा. अभी."

देवाजी पलीकडून ओरडला, "तुह्या बापाची नदी हाये का बे?" आणि मुद्दाम एक पाऊल आणखी खोल गेला. आणि मी, सेक्रेटरी, सातही जणांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कोनी हालू नोका. आज हाललो तं उद्या डोह गेला." हे वाक्य माझं आहे. देवाजीचं नाही, दुसऱ्या कोणाचं नाही.

बोरकरने काठी खाली ठेवली आणि बोटाने खडकाच्या पायथ्याकडे दाखवलं. मी पाहिलं. खालचे दोन दगड दिसत नव्हते, वरचा ओला होता. मला हसू आलं. मी ओरडून विचारलं, "तुमचा देव बुडला का जी?" सगळे हसले. पाण्यात उभं राहून सात माणसं हसत होती.

तेव्हा तो खडकावरून उतरला, अर्जुनापाशी गेला, खिशातून धागा कापायचा चाकू काढला आणि आमचा दोर कापायला बसला. कापायला वेळ लागला, दोर अंगठ्याएवढा जाड होता. सुटला तसं आख्खं जाळं ढिलं पडून प्रवाहात वाहायला लागलं. देवाजीने शिवी दिली आणि हातातलं टोक सोडून काठाकडे झेपावला. त्याच्यामागे सगळे. पाण्यातून मी इतक्या वेगाने आयुष्यात कधी निघालो नाही. काठावर होडी ढकलायच्या लाकडी बल्ल्या पडलेल्या होत्या. ज्याला जी मिळाली ती त्याने उचलली.

आम्ही त्याला मारलं. साठीच्या पुढच्या माणसाला सात जणांनी मारलं. त्याने हात वर केला नाही, पळाला नाही. मी बल्ली त्याच्या उजव्या मनगटावर घातली. आवाज मला ऐकू आला. मार खाताना तो आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत होता आणि ओठ हलवत होता. एक, दोन, तीन. पोलिसात नावं द्यायला मोजतो आहे असं वाटून मी आणखी एक घातली. सातवर आल्यावर त्याने डोळे मिटले.

मग पाणी आलं. आधी आवाज, मग वळणावरून गढूळ, फेसाळ, झाडोरा घेऊन आलेलं पाणी. आम्ही वर चढलो, बोरकरला कोणीतरी काखेत धरून ओढलं. काळा खडक बघता बघता दिसेनासा झाला. चुन्याचा खांब अर्धा बुडाला. देवाजी जिथे छातीइतक्या पाण्यात उभा होता तिथून एक आख्खं झाड उलटंपालटं होत गेलं. तेव्हा कुठे मला कळलं की ते तीन दगड देव नव्हते, पाणी चढतंय का ते बघायची खूण होती. बल्ल्या हातात होत्या, त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

बोरकरने डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटाशी धरला. जाताना माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, आता म्हणेल.

"जाळी बारीक होती," तो म्हणाला, आणि गेला.

पवनीला दवाखान्यात तो एकटाच गेला, बसने. आमच्यातला कोणी सोबत गेला नाही, मीही गेलो नाही. पंधरा दिवस मी रोज पोलिसांची वाट पाहिली. कोणी आलं नाही. माझा अर्ज मात्र तसाच दाखल होता आणि तो मी लगेच मागे घेतला असं सांगायला मला आवडलं असतं. घेतला नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला आधी रागच येतो. अर्जाचं पुढे काहीच झालं नाही, एवढंच माझं नशीब.

देवाजी आजही सांगतो की त्याने दुष्मनीनेच दोर कापला, पाणी आलं तो आमच्या नशिबाचा भाग. निम्मं गाव तसंच म्हणतं. महिन्याभराने बोरकर पवनीच्या बाजारात दिसला, हाताला प्लास्टर. मी त्याला सरळ विचारलं.

"दोर काहून कापला?"

"तुमचं जाळं पसंत नव्हतं मले."

"आन् मार खाऊन राह्यले होते तवा मोजत कायले होते?"

"मोजत नव्हतो. बोटं दुखत होते."

आणि भेंड्या निवडायला लागला. त्याने एवढं जरी म्हटलं असतं की तुम्ही शब्दाने निघणारी माणसं नाही, म्हणून तुम्हाला रागाने काढलं, तर मी तिथेच बाजारात त्याच्या पाया पडलो असतो. त्याने ते म्हटलं नाही. मला मोकळं व्हायची एक वाट होती, ती त्याने बंद करून टाकली. म्हणून म्हणतो, मित्र नव्हतो.

त्याचं मनगट नीट जुळलं नाही. हिवाळ्यात मुलगी त्याला न्यायला यायची होती. त्याच्या दोन दिवस आधी मी डोहावर हातपाय धुवायला गेलो. तो खडकावर होता. काठी डाव्या हातात. धागा जिथे जायला हवा तिथे जात नव्हता. मागे अर्जुनाच्या फांदीत अडकत होता, तो सोडवत होता, पुन्हा फेकत होता. धाग्याच्या टोकाला काळी, चकचकीत माशी होती.

माझं लक्ष गेलेलं पाहून तो म्हणाला, "सेक्रेटरी लावला हाये. मासा लागत नाही त्याले. पण हात बसवाले बरा हाये."

मी चपला काढून पाण्यात पाय सोडून बसलो. माझी सावली लांब पसरून त्याच्या पाण्यावर पडली होती.

"निघा," बोरकर म्हणाला.

मी खडकाच्या पायथ्याकडे पाहिलं. तिन्ही दगड जागेवर होते. दोन कोरडे ठक्क, तिसरा पाण्याला नुसता टेकलेला. मी चपला हातात घेतल्या आणि निघालो.